ठराव क्रमांक सात

अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं
एवढंच मला ठाऊक होतं.
ते मिळालं जिंतूरला, तहसीलच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या
टायपिंगवाल्या सय्यदचाचांकडं.
कुणाच्या नावानं, त्यांनी विचारलं.
म्हटलं, माझ्याच. प्रयाग लिंबाजी खिल्लारे.
चष्मा वर सरकला, मग मशीन चालू झालं:
शाळा ते मारुतीचा पार, सिमेंट नाली, एकशे चाळीस मीटर,
मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी.

नाली आमच्या दारापर्यंत येते
आणि तिथंच थांबते,
बोलता बोलता माणूस पुढचं विसरावा तशी.
पुढं नुसतं पाणी.
पोरं चपला हातात धरून शाळेत जातात.
मी ती मोजली होती, गाव उठायच्या आत,
शिलाईचा टेप, दीड मीटरचा,
चाळीस वेळा टाकला,
दर वेळी खडूची खूण, ब्लाऊजपीसवर करते तशी.
एकसष्ट भरली. वर चार बोटं.

तीस दिवसांची मुदत असते.
त्या दिवसांत ग्रामसेवक म्हणाले,
ताई, नुसतं विचारलं असतं तरी दाखवलं असतं.
दोनदा विचारलं होतं.
जावेनं लग्नसराईचे परकर दुसरीकडं शिवायला टाकले.
सरपंचबाई काही बोलल्या नाहीत,
त्यांचे मालक बोलले.

अठ्ठाविसाव्या दिवशी पानं हातात आली.
एकोणीस, दोन रुपये पानाप्रमाणे अडतीस रुपये भरून.
मशीनवर पसरली. पट्टा उतरवून ठेवला.
सिमेंट, वाळू, मजुरी,
लांबी एकशे चाळीस, काम पूर्ण.
सापडले, म्हटलं.
एकटीच मोठ्यानं म्हटलं.

चौदाव्या पानावर ग्रामसभा होती.
ठराव क्रमांक सात: काम पाहिले, समाधानकारक आहे,
देयक अदा करावे, सर्वानुमते मंजूर.
खाली एकशे सहा सह्या.
मी आधी मेलेली माणसं शोधली,
अशा कागदांत ती असतात म्हणे.
एकही नव्हतं.
सगळे जिवंत, आपापल्या वळणाचे,
आणि त्रेचाळिसाव्या ओळीत मी.

खोटी असती तर किती बरं झालं असतं.
पण खिल्लारेतल्या 'र'चं शेपूट
मीच असं खाली ओढते,
शिवण संपल्यावर दोरा ओढून तोडावा तसं.

मग आठवलं. तुरी काढायचे दिवस,
मुंजाजी शिपाई रजिस्टर घेऊन दारात,
वैनी, कोरम भरंना, एवढी मारा.
डाव्या हातात कापड, तोंडात टाचण्या.
मी मारली.
कशावर, ते विचारलं नाही.
त्यानं पाणी मागितलं, ते मात्र तांब्या भरून दिलं.

एक मेची सभा. झेंडा झाला, पोरं बिस्किटं घेऊन पांगली,
उरली माणसं वीस-बावीस.
घरून ठरवून गेले होते, आधी एकसष्ट सांगायचं.
तोंडातून आधी त्रेचाळीस निघालं.
त्रेचाळीस नंबरची सही मही.
मी सभेला नव्हते. काम पाहिलं नव्हतं.
हे लिहून घ्या, मग नालीचं बोलते.

कुणीतरी हसलं.
असं लिहिता येत नाही, ग्रामसेवक म्हणाले.
पाराखालून सोजरबाईचा आवाज आला,
मग महा अंगठा बी लिहा, सत्तरच्या पुढं कुठंतरी आसंल.
बाकीचे जमिनीकडं बघत राहिले.
त्यांचे नंबर मला पाठ होते.
घेतले नाहीत. ते त्यांनी घ्यायचे.

रजिस्टर फिरत फिरत माझ्यापाशी आलं.
मुंजाजीनं पेनाचं टोपण काढून दिलं,
माझ्याकडं न बघता.
सह्यांच्या रकाना आखलेला, नंबर घातलेले,
वरचं पान कोरं.

घरी चार ब्लाऊज बाकी होते, एक तर हळदीचं.
म्हटलं, आधी वरचं लिहा.
मी बसते.